सिएरा इंडिया ऑस्कर नोव्हेंबर

मुंबईत कुणाला सांगितलं की मी रेडिओ क्लबमध्ये आहे, तर समोरचा एकदम सावरून बसतो. त्याला वाटतं कुलाब्याचा तो समुद्राकाठचा क्लब, लग्नाची रिसेप्शनं, बुफे वगैरे. मग मी घाईघाईने सांगतो की नाही हो, तो नाही, आमचा क्लब म्हणजे दादरला एका मेंबरच्या गॅरेजमध्ये महिन्यातून एकदा जमणारी पंधरावीस माणसं, एक सोल्डरिंग आयर्न आणि कटिंग चहा. हॅम रेडिओ. यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे आरजे?"

नाही. हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन, स्वतःच्या सेटवरून जगभरच्या अनोळखी लोकांशी बोलत बसणारा हौशी माणूस. पैसे मिळत नाहीत, जातात. बायको वैतागते (आमच्या भाषेत बायकोला एक्सवायएल, एक्स यंग लेडी, म्हणतात, ते तिला अजून सांगितलेलं नाही). प्रत्येकाची एक कॉलसाइन असते, आपल्याकडे ती व्हीयू टू नाहीतर व्हीयू थ्रीने सुरू होते, पण काही खास निमित्त असेल तर दिल्लीहून थोड्या दिवसांसाठी एयू किंवा एटीने सुरू होणारी वेगळी कॉलसाइन मागून घेता येते. त्याला स्पेशल इव्हेंट स्टेशन म्हणायचं. अशी वेगळी कॉलसाइन हवेत आली रे आली की गुळाला मुंगळे लागावेत तसे जगभरचे हॅम गोळा होतात, सगळे एकदम ओरडायला लागतात, त्या गोंधळाला पाइलअप म्हणतात, आणि त्यातून एकेकाला वेगळं काढून बोलणं हे लोकलच्या दारातल्या गर्दीतून नेमका आपला मित्र ओळखण्यासारखं असतं.

तर 18 एप्रिल. हा जागतिक वारसा दिन, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच तारखेला जागतिक हौशी रेडिओ दिनही असतो, कारण 1925 साली 18 एप्रिललाच पॅरिसला आमच्या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दोन्ही दिवसांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग, पण अशा योगायोगावर क्लब चालतात. 2025 ला संघटनेची शंभर वर्षं भरत होती, वर त्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणजे रजा टाकायचीही भानगड नाही. गॅरेजमध्ये सर्वानुमते ठरलं की हेरिटेज साइटवरून स्टेशन लावायचं. कुठल्या, यावर मात्र तीन मीटिंगा गेल्या.

मुंबईत जागतिक वारशाच्या जागा काय कमी आहेत का? घारापुरी 1987 पासून यादीत आहे, सीएसएमटी 2004 पासून, ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती 2018 पासून. पण सीएसएमटीला प्रवाशालाच उभं राहायला जागा नसते तिथे आम्ही वायर कुठे टांगणार, आणि घारापुरीचं असं की संध्याकाळी युरोपचे सिग्नल ऐकू यायला लागतात नेमकी तेव्हाच परतीची लाँच पकडायची असते. मग आमचे काका बोलले. काका क्लबमधले सगळ्यात सीनियर, त्यांनी वाल्व्हचे सेट हाताने बांधलेले आहेत, त्यामुळे ते बोलले की बाकीचे चहा प्यायला लागतात. काका म्हणाले, "अरे, शीवचा किल्ला घ्या ना. बिचाऱ्याला कोणी विचारत नाही."

आणि मी हसलो. कारण माझं सगळं लहानपण सायनला गेलंय, त्या टेकडीच्या खाली, आणि आमच्यासाठी सायनचा किल्ला म्हणजे आईने "तिकडे जायचं नाही" सांगितलेली जागा. का जायचं नाही हे ती सांगायची नाही. नंतर कॉलेजात गेल्यावर कळलं, तिथे कोपऱ्याकोपऱ्यात जोडपी बसतात. बस, चाळीस वर्षांत त्या किल्ल्याबद्दल माझ्याकडे एवढीच माहिती.

परवानगीची कथा मोठी आहे, थोडक्यात सांगतो. एका ऑफिसात गेलो, तिथे "रेडिओ म्हणजे एफएम का?" इथपासून सुरुवात. दुसऱ्या ऑफिसात साहेबांना सांगितलं की लातूरच्या भूकंपात, भुजच्या भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हॅम लोकांनीच निरोप पोचवले, तर साहेब म्हणाले, "पण सायनला कुठे भूकंप झालाय?" याच्यावर काय बोलणार. शेवटी जे मिळालं ते असं की वर बांधकामाला हात लावायचा नाही, खिळा नाही, दोरी नाही, आणि बसायचं खाली पायथ्याच्या बागेत. दोरीचं मला पटलं, साडेतीनशे वर्षांच्या दगडाला आमच्या दोऱ्या कशाला. पण किल्ल्याचं स्टेशन किल्ल्याखाली, हे थोडं लागलं. काका म्हणाले, रेडिओला काय कळतंय तू वर आहेस का खाली.

सकाळी सहाला पोचलो. दहा मीटरचा फायबरचा पोल, तसला मासे पकडायच्या गळाचा असतो तो, एका बाकाला बांधला, टोकावरून दोन बाजूंना वायर खाली आणली. 40 मीटर बँडसाठी, म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या लाटांच्या पट्टीसाठी, एका बाजूला साधारण दहा मीटर, दुसऱ्या बाजूला दहा, उलटा व्ही. सेट शंभर वॅटचा, म्हणजे घरात पूर्वी असायचा त्या पिवळ्या बल्बएवढी पॉवर, त्यावर जपानपर्यंत बोलायचं, हे मला अजूनही खरं वाटत नाही. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला, तिसऱ्यांदा न राहवून विचारलंच, "टॉवर लावताय का मोबाइलचा?" मॉर्निंग वॉकवाल्या एका आजोबांनी तर सांगूनच टाकलं की टॉवरने कॅन्सर होतो आणि ते कंप्लेंट करणार आहेत. त्यांना हेडफोन कानाला लावायला दिला. तेवढ्यात कोण तरी नागपूरचा बोलत होता, इकडे तर फारच ऊन आहे म्हणून सांगत होता. आजोबा दहा मिनिटं ऐकत बसले, मग म्हणाले, "हा माणूस फुकट बोलतोय?" कंप्लेंट राहिली.

एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईत रेडिओ ऐकणं म्हणजे बँडबाजाशेजारी बसून कुणाचं कुजबुजणं ऐकणं. शेजारून मध्य रेल्वे, पूर्वी लोकलच्या वायरीत 1500 व्होल्ट डीसी असायचं, आता 25 हजार व्होल्ट एसी, पेंटाग्राफवर ठिणगी उडाली की आमच्या हेडफोनमध्ये चर्रर्र. वर सगळ्या बिल्डिंगचे एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट. प्रत्येक गोष्ट थोडं थोडं पुटपुटत असते. हवेत रिकामी जागाच नाही, आणि त्याच्यातून दूरचा माणूस शोधायचा.

पहिल्या तासातच प्रॉब्लेम झाला तो नावाचा. समोरचा विचारतो, तुमचं ठिकाण कुठलं? मी सांगायचो, सायन फोर्ट. त्याला ऐकू यायचं झायन. एका इटालियन आजोबांना तर मी जेरुसलेमहून बोलतोय असं वाटलं, गुड फ्रायडेचा दिवस, ते भलतेच भारावून गेले, त्यांचा गैरसमज दूर करताना मलाच वाईट वाटलं. मग स्पेलिंग करून सांगायचं. सिएरा, इंडिया, ऑस्कर, नोव्हेंबर. दिवसभरात हे चार शब्द मी किती वेळा म्हटले असतील देव जाणे. आणि प्रत्येक वेळी मागून प्रश्न यायचा, याचा अर्थ काय?

अर्थ काय! आमच्या शाळेचं नाव, स्टेशनचं नाव, हॉस्पिटलचं नाव, त्याला कसला अर्थ? क्लबमध्ये एक कॉलेजची मुलगी आहे, वर्षापूर्वी लायसन्स मिळालंय, ती लॉग, म्हणजे कोणाकोणाशी बोललो त्याची वही, लिहीत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "दादा, शीव म्हणजे वेस ना, सीमा." शीव! वेशीवरचा मारुती म्हणतो, शिवेवरचा दगड म्हणतो, तीच शीव. मुंबई बेट इथे संपायचं. इथून पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी बेट, ते पोर्तुगीजांचं. इंग्रजांनी 1668 साली कंपनीच्या ताब्यात आलेल्या बेटाच्या या टोकावर, गव्हर्नर जेराल्ड ऑंजिएच्या काळात, म्हणजे 1669 ते 1677 च्या दरम्यान, हा छोटा किल्ला उठवला, पलीकडून कोण येतंय ते बघायला. सायनच्या माणसाला सायनचा अर्थ वीस वर्षांच्या पोरीकडून, तोही कुणा इटालियनाने विचारला म्हणून कळावा, ह्याला काय म्हणायचं.

पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. कर्नाटकातल्या एकाने विचारलं, "मराठा फोर्ट आहे का?" माझ्या तोंडात हो आलंच होतं. आपल्याकडे किल्ला म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप महाराजांवर जातं. पण नाही ना. 1737 ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, साष्टी घेतली, 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, म्हणजे तेव्हापासून खाडीपलीकडे पोर्तुगीज नव्हते, आपण होतो. मुंबईतल्या इंग्रजांनी त्या धास्तीने व्यापाऱ्यांकडून वर्गणी काढून कोटाभोवती खंदक खणला (मुंबईत वर्गणीला तेव्हापासून कोणी नाही म्हणू शकलेलं नाही). म्हणजे ज्या बुरुजाखाली मी क्रिकेट खेळलो तो बुरुज आपल्याच दिशेला तोंड करून उभा आहे. हे मी माइकवर सांगितलं, थोडं अडखळत, आणि सांगताना पहिल्यांदाच त्या टेकडीकडे मान वर करून नीट बघितलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर डंकनच्या काळात खाडीवर कॉजवे झाला, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच शिवेवरून गेली, आणि मग सीमा कसली नि काय, किल्ल्याला कामच उरलं नाही.

दुपारी 20 मीटरच्या बँडवर गेलो आणि तिथे दुसरीच गंमत. आमचा एक मेंबर डोंबिवलीला घरी बसून ऐकणार होता, त्याचा फोन, "अरे सुरू केलं की नाही? काहीच नाही येत." त्याच वेळी इंडोनेशियाचा माणूस आम्हाला फाइव्ह नाइन देतोय, म्हणजे अगदी खणखणीत. यात बिघाड काही नाही, हे असंच असतं. लाटा जमिनीलगत थोड्या अंतरावर जाऊन विरतात, आणि ज्या वर जातात त्या वातावरणाच्या वरच्या थरावरून, आयनोस्फिअरवरून, वळून खाली येतात त्या एकदम हजार दीड हजार किलोमीटर पुढे. मधल्या पट्ट्यात काही पडतच नाही, त्याला स्किप झोन म्हणतात. डोंबिवली त्यात येते. मला वाटलं मीही इतकी वर्षं त्यातच राहत होतो.

सकाळी 40 मीटरवर, जिथे जवळचं ऐकू येतं, कोल्हापूरच्या एकांशी बोलणं झालं होतं. ते म्हणाले, "सायन? अहो मी वर्षातून दोनदा येतो की सायन हॉस्पिटलला, मिसेसना घेऊन. तिथं किल्ला हाय?" मी म्हटलं, आहे, पाच दहा मिनिटांवर. "मग पुढच्या टायमाला बघतो की." मागे पाइलअप वाट बघत होता, पण त्यांनी मिसेसची तब्येत सांगितली, मी ऐकली.

इथे आमचं भांडण झालं. नवीन पोरांचं म्हणणं, आवाजाने बोलत बसण्यापेक्षा एफटी 8 लावा. तो कॉम्प्युटरचा मोड आहे, 2017 पासूनचा, पंधरा पंधरा सेकंदांच्या पाळीने दोन कॉम्प्युटर कॉलसाइन आणि सिग्नलचा आकडा देतात घेतात, गोंगाटाच्या खालचाही सिग्नल पकडतात. एका दिवसात कितीतरी जास्त कॉन्टॅक्ट. कबूल, मुंबईच्या गोंगाटात त्याच्यासारखं औषध नाही, घरी मीही वापरतो. पण त्यात शीव हा शब्दच कुठे येत नाही. ना इटालियन आजोबा, ना कोल्हापूरच्या मिसेस. मग घरी बसूनच करा की, किल्ल्याखाली डास चावून कशाला घ्यायचे? काका कधी नव्हे ते माझ्या बाजूने बोलले. तरी रात्री आठ वाजता लॉगमध्ये दोनशेसुद्धा भरले नाहीत तेव्हा पोरांचे चेहरे बघवत नव्हते, हेही खरं.

त्यानंतर आम्हाला चटकच लागली. ऑगस्टचा तिसरा पूर्ण वीकेंड जगभर लाइटहाउस वीकेंड असतो, 1998 ला स्कॉटलंडमधल्या हॅम लोकांनी सुरू केला, दीपगृहांवरून स्टेशनं लावायची. खांदेरीला दीपगृह आहे, किल्लाही आहे, जुलैमध्येच मराठा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेला, यापेक्षा चांगली जागा कुठली! फक्त स्कॉटलंडवाल्यांनी तारीख ठरवताना कोकणातल्या पावसाला विचारलं नव्हतं. ऑगस्टमध्ये खांदेरीला आम्हाला होडीतून कोण नेणार? आणि त्या शनिवारी दहीहंडी. घरी बसलो, पाऊस बघितला.

मग गॅरेजमध्ये त्या मुलीने विषय काढला. तिने कुठेतरी आकडेमोड केली होती. म्हणाली, 27 ऑगस्ट 1942, काँग्रेस रेडिओ. उषा मेहता, वय बावीस, भारत छोडोनंतर सगळे नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, तेव्हा या पोरांनी चौपाटीजवळच्या एका बिल्डिंगमधून चोरून प्रक्षेपण सुरू केलं. तेव्हा हॅम लायसन्सं नव्हतीच, 1939 ला युद्ध सुरू झालं तेव्हाच सरकारने रद्द करून सेट जमा करायला लावले होते. हे सगळं आम्हाला माहीत होतं. मग ती म्हणाली, "वेव्हलेंग्थ किती होती? 42.34 मीटर. 299.79 ला त्याने भागा, फ्रिक्वेन्सी येईल."

काकांनी पाकिटामागे भागलं. 7.08 मेगाहर्ट्झ.

गॅरेजमध्ये कोणी काही बोललं नाही. कारण 7.0 ते 7.2 हा आमचा रोजचा बँड, 40 मीटर, ज्याच्यावर मी कोल्हापूरशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. आमची पट्टीच ती. सत्तर वेळा त्या आकड्यावरून डायल फिरवून पुढे गेलेला असेन.

काकांना मात्र दुसरीच गोष्ट लागली. ते म्हणाले, आपण बागेत बसून दिवसभर काय केलं, तर ठिकाण सांगितलं. स्पेलिंग करून करून सांगितलं. ते लोक सुरुवातीलाच काय सांगायचे, तर 42.34 मीटरवरून, हिंदुस्थानात कुठून तरी. ठिकाण सांगायचंच नाही, कारण बाहेर पोलिसांच्या व्हॅन दिशा शोधत फिरत होत्या. आज एका बिल्डिंगमध्ये, चार दिवसांनी दुसऱ्या. 12 नोव्हेंबरला पकडले गेले, ज्याने सेट उभा करून दिला होता त्याच तंत्रज्ञाने पत्ता दाखवला. उषाबेन 1946 पर्यंत तुरुंगात. एवढं बोलून काका थांबले आणि उगाच सोल्डरिंग आयर्नचं टोक पुसत बसले.

आता 27 ऑगस्टला गिरगावात स्टेशन लावायचं म्हटलं तर 2025 ची 27 ऑगस्ट म्हणजे गणेश चतुर्थी. गिरगाव! त्या दिवशी तिथे ढोलताशांत स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. खास कॉलसाइनसाठी अर्ज करायलाही उशीर झाला होता. शेवटी ठरलं की ज्याने त्याने आपापल्या घरून, आपल्या नेहमीच्या कॉलसाइनने, रात्री जमेल तेव्हा 7.080 वर यायचं. साइट हीच, म्हणाली ती मुलगी, हिला कोणाची परवानगी लागत नाही.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. आरती झाली, पाहुणे गेले, साडेदहाला मी खिडकीतल्या कोपऱ्यात माझा सेट चालू केला, 7.080, आणि हेडफोनमध्ये नुसता कर्रर्र असा आवाज. सिग्नल दाखवणाऱ्या काट्याने शेवट गाठला. माणूस सोडा, मुंगीही ऐकू येणार नाही. पंधरा मिनिटं मी सोसायटीला, रेल्वेला, शेजारच्यांच्या इन्व्हर्टरला मनात शिव्या घातल्या आणि मग लक्षात आलं. मखराची एलईडीची माळ. चायनाची, दोनशे रुपयांची, मीच आणलेली.

उठून प्लग काढला. आई आतून म्हणाली, "अरे, बाप्पासमोर अंधार करतोस?"

"समई आहे ना गं. दहा मिनिटं."

आवाज एकदम खाली बसला. मागे पावसाच्या विजांची तडतड, आणि तिच्यामागे कोणीतरी, फार बारीक, सीक्यू, म्हणजे "कोणी आहे का" अशी हाक, देत होतं. मी माझी कॉलसाइन सांगितली. त्याने परत विचारली. पुन्हा सांगितली. मिळाली. कणकवलीचा निघाला, आमच्या क्लबचा नाही, कोणाचाच नाही, त्याला 42.34 चं काहीच माहीत नव्हतं, घरातली माणसं झोपली म्हणून जरा सेट लावून बसला होता. त्याने विचारलं, "तुमचं ठिकाण?"

आई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "कोण बोलतंय रे इतक्या रात्री?" मी हाताने थांब म्हटलं आणि बटण दाबलं. शीव, म्हटलं. मुंबई. श शहाजीचा, व वसईचा.